काका, तुम्ही मला थांबवलंत

प्रिय काका,

समोरासमोर मी तुम्हाला नावानंच हाक मारते, इथली रीतच तशी. पण मराठीत लिहायला बसले आणि ‘काका’ नि ‘तुम्ही’ सोडून दुसरं काही हाताला येईना. तुम्हाला हे वाचता येणार नाही. लेक इंग्रजी करून सांगणार आहे, काही चुकलं तर तिला धरा. आभार मानायचे तर मला याच भाषेत धड जमतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात माझ्या शेजारी कोण राहतं ते आपल्या माणसांनाही कळू दे.

मागच्या वर्षी थ्रोबॉल खेळताना उडी मारून चेंडू फेकला, उतरताना पाय वाकडा पडला आणि आतून ‘कट्’ असं वाजलं. उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. उजवा पाय म्हणजे गाडी चालवणंही बंद. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि तिसऱ्याच दिवशी तुम्ही किल्ली वाजवत दारात उभे. तुम्ही रिटायर्ड, तुम्हाला कुठे जायचं असतं, हे वर तुमचंच म्हणणं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेलंत, आणलंत. पेट्रोलचे पैसे काढले की रागवायचात. पोह्यांचा डबा मात्र निमूट घ्यायचात.

गाडीत तुमचा विषय एकच, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू जेरी राइस. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्याला पाय क्वचितच लागतो त्याला फुटबॉल का म्हणायचं, हे अजूनही पटलेलं नाही. पण रिसीव्हरचं, म्हणजे पुढे पळून फेकलेला चेंडू झेलणाऱ्याचं, काम तुम्ही डॅशबोर्डवर बोटानं रेघा ओढून समजावलंत. ठरलेल्या वाटेनं सुटायचं, ठरलेल्या पावलाला वळायचं, आणि मागावरच्या गड्याला वळेपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. राइस काही घड्याळ लावून सगळ्यात वेगवान नव्हता. 1985च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघानं त्याला सोळाव्या क्रमांकावर उचलला तो मिसिसिपीतल्या एका लहान विद्यापीठातून. पहिल्या मोसमात त्याच्या हातातून चेंडू निसटायचे आणि लोक हुर्यो उडवायचे. त्यांच्या कँडलस्टिक स्टेडियमच्या गार वाऱ्यात बसून तुम्हीही उडवलीत, हे सांगताना तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी खऱ्या अर्थानं कान दिले ते विटांच्या गोष्टीला. त्याचे वडील गवंडी. क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात उन्हाळाभर पोरं बापाच्या हाताखाली. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून झेलायचा. तुम्हाला ही नवलाची गोष्ट वाटत होती. मला नाही. कराडला आमच्या घरावर मजला चढत होता तेव्हा मी शाळा बुडवून तेच बघत बसायचे. खालचा गडी दोन-दोन विटा एकदम वर सोडायचा, परांचीवरचा न बघितल्यासारखा झेलायचा. तो वीट पकडायला जायचाच नाही. ती येताना हात तिच्याबरोबर मागे घ्यायचा, म्हणजे तळवा सोलवटत नाही. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही सिग्नल हिरवा होऊनही गाडी हलवली नाहीत. मागचा हॉर्न वाजवत बसला.

आकडे तुम्ही जपमाळ ओढल्यासारखे म्हणायचात, म्हणून मलाही पाठ झालेत. 1549 झेल, त्या झेलांवर पुढे सरकलेले 22,895 यार्ड, 208 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेघेपार नेणं), आणि जिंकलेले तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने. यार्डांच्या यादीत दुसरा लॅरी फिट्झगेराल्ड, तो पाच हजारांहून जास्त मागे. असो.

आता मुद्द्याचं. चौथ्या महिन्यात आमची स्पर्धा होती. गुडघा दुखत नव्हता, जिना भरभर चढत होते, आणि संघात एक बाई कमी पडत होती. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते. मी गुपचूप नाव दिलं. त्या गुरुवारी माझ्या पिशवीतून खेळायचे बूट डोकावताना तुम्ही पाहिलेत. बोलला काहीच नाहीत. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केलीत आणि 1997ची गोष्ट काढलीत.

31 ऑगस्ट, टँपा बेमध्ये मोसमाचा पहिलाच सामना. त्यांच्या वॉरन सॅपनं राइसला हेल्मेटची जाळी धरून खाली ओढलं आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तोवर बारा मोसमांत दुखापतीपायी त्याचा एक सामना चुकला नव्हता. असा माणूस घरी कसा बसेल? पंधरा आठवड्यांत परतला. 15 डिसेंबर, डेन्व्हरविरुद्ध. राइसकडे चेंडू फेकणारा त्याचा जुना साथीदार जो मोंटाना, त्याचा 16 नंबर त्याच रात्री कायमचा राखून ठेवला गेला, म्हणजे पुन्हा कुणाला मिळणार नाही, स्टेडियम नुसतं दणाणत होतं. राइसनं टचडाउनचा झेल घेतला, खाली पडला, आणि त्याच गुडघ्याची वाटी तडकली. मोसम संपला.

तुम्ही तिथे होतात. आधी आनंदानं ओरडलात, मग आजूबाजूचे हळूहळू गप्प होत गेले. एवढंच सांगून तुम्ही दार उघडून माझी पिशवी हातात दिलीत.

आत जाऊन मी फिजिओला खरं काय ते सांगितलं. तिनं पायाचा जोर मोजला. उजवा पाय डाव्याच्या दोन तृतीयांशही जोर लावत नव्हता. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं मी आपलं धरून चालले होते. स्पर्धेत मी गुण लिहीत बसले, खूप चिडचिड केली, आणि दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. त्याची माफी आभारांच्या आधी मागायला हवी होती.

पुढचं तुम्ही मला नंतर सांगितलंत, मुद्दाम उशिरा, हे मी ओळखलं. 1998ला राइस परतला आणि हजार यार्ड ओलांडून गेला. चाळिशीत रेडर्स या दुसऱ्या संघाकडून आणखी एक सुपर बोल खेळला, समोर तेच टँपा बे आणि तोच सॅप. टचडाउन केलं, सामना हरले. 2004च्या मोसमापर्यंत तो खेळतच राहिला. पार्किंगमध्ये हे सांगितलं असतंत तर मी नक्की बूट चढवले असते.

दहाव्या महिन्यात मैदानात उतरले. तुम्ही खुर्ची टाकून कडेला होतात आणि थ्रोबॉलचा एकही नियम न कळता पंचांशी भांडलात. बायका अजून विचारतात, ते काका कोण.

शनिवारी साडेसातला तयार असते. राइस सराव करायचा ती एजवूड पार्कातली टेकडी दाखवायचं कबूल केलंयत. तो अडीच मैल पळत चढायचा, आपण अर्ध्यावरून फिरायचं, हेही ठरलंय. पोहे मी आणते. पाण्याची बाटली या वेळी तुमची तुम्ही आणा.

तुमची,
समोरच्या घरातली