मिस्त्रीकाका, तुमचा गुण्या माझ्याकडेच आहे

आदरणीय मिस्त्रीकाकांस,
सा. न.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चाल, चहा मांड" म्हणून विषय मोडता. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. आर्णीच्या बाजारात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

बंद पडलेला ट्रॅक्टर शेतातून दुकानापर्यंत आणणं, हे माझ्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या धंद्यातलं सगळ्यात नकोसं काम. साखळी बांधून ओढायचो. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि गिअरबॉक्स जाम असेल तर मागची चाकं फिरतच नाहीत, काळ्या रानात नुसते चर पडतात. दिग्रस रोडच्या उतारावर एकदा साखळी ढिली पडली आणि मागचा ट्रॅक्टर सरळ माझ्या अंगावर. वाचलो, पण रात्री झोप आली नाही. तेव्हाच ठरवलं, अख्खा ट्रॅक्टर चढवून आणता येईल अशी ट्रॉली आपणच करायची.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा माझा सांगाडा उभा होता. चौदा फूट लांब, सात फूट रुंद, खाली भंगारातून आणलेला ट्रकचा अ‍ॅक्सल, अगदी फूटपट्टीने मोजून मधोमध. थ्री-फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून दोन रात्री जागून वेल्डिंग केलेलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "हे मधात काहून ठेवलं?"

मी म्हटलं, वजन सारखं वाटलं जाईल.

"बैलगाडी हाकलली का कधी तू? गाडी उलार होईन ना बाप्पा!"

उलार म्हणजे मागे ओझं होऊन पुढून उचललेली. मग फरशीवर खडूने चित्र काढलंत. ट्रॅक्टरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं नसतं, साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकांवर असतं. ट्रॅक्टर तोंड पुढे करून चढवला की ते सगळं ट्रॉलीच्या मागच्या अर्ध्यात येतं. त्यात मागे रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करायचं अवजार, लटकलेला. म्हणजे अ‍ॅक्सलच्या मागे ओझं, आणि पुढे हूक वर उचलायला बघणार. हूक उचलला की ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी, पकड गेली, ट्रॉली शेपटीसारखी डुलायला मोकळी. उलट हुकावर फार ओझं दिलं तर पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हवेत. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर राहिला पाहिजे, असं म्हणून तुम्ही फुली मारलीत, दोन फूट मागे.

खरं सांगतो, त्या दिवशी तुमचा राग आला होता. दोन रात्रींचं वेल्डिंग ग्राइंडरने कापायचं होतं, आणि सांगणारा माणूस चहात तीन चमचे साखर घालत शांत बसलेला.

सांगाड्याच्या लोखंडी चॅनलचंही तसंच. मी चार इंची लावलं होतं, पैसे वाचतील म्हणून. तुम्ही सहा इंची आणायला लावलंत. वजन पावणेदोन पट होतं, पण वाकायला विरोध पावणेतीन पट मिळतो, हा हिशोब तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर करून दाखवलात. (सिगारेट सोडा आता, काकूंनी मला सांगितलंय.) चॅनलच्या खालच्या पाटीवर आडवं वेल्डिंग करू दिलं नाहीत, कारण ताण तिथेच येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. जे जोडायचं ते उभ्या भागाला. वेल्डिंगचा ७०१८ नंबरचा रॉड पावसाळ्यात उघडा ठेवलेला दिसला तर तुम्ही तो पूर्ण पुडाच बाजूला काढलात. ओल धरलेल्या रॉडचं वेल्डिंग वरून गुळगुळीत आणि आतून सच्छिद्र, हे तुम्ही हातोड्याने तोडून दाखवलंत. वणीकडच्या कोळसा खाणीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाशी मी वाद घालायचं तिथेच सोडलं.

मग तो गुण्या, काटकोन तपासायचं तुमचं हत्यार, आणि सुतळी. काटकोन गुण्याने, कर्ण सुतळीने. हुकाच्या पिनेपासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी ताणली तर अर्ध्या इंचाचा फरक निघाला. मला वाटलं, अर्ध्या इंचाने काय होतं? "गाडी तिरपी चालते अन् टायर तू भरतो," एवढंच बोललात.

आता एक कबुली, जी तुम्हाला अजून दिलेली नाही. पहिला ट्रॅक्टर चढवला तेव्हा तुम्ही गावात नव्हता. चढवताना ट्रॉलीला मागून आधार देणाऱ्या टेकणांचे पाय खाली करायला मी विसरलो. ट्रॅक्टर रॅम्पवरून वर येताच सगळं वजन ट्रॉलीच्या शेपटीवर आलं, हूक वर गेला आणि त्याच्यासोबत माझ्या पुढच्या ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीपासून वीतभर उचलली. ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच दोन चाकांना. हँडब्रेक ओढलेला होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पोराने पुढच्या चाकाखाली दगड लावला होता म्हणून निभावलं. तो दगडही तुमच्याच सवयीचा, तो तुमच्याकडे पाहूनच शिकला. आता टेकणांना लाल रंग दिलाय, आणि ती खाली असल्याशिवाय रॅम्प सोडायचेच नाहीत असा दुकानात कायदा आहे.

सोयाबीनच्या हंगामात रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो. चारी कोपऱ्यांना आडव्या-तिडव्या साखळ्या, गिअर टाकलेला, मागे लाल पट्टी. रात्री उसाच्या ट्रॉल्यांना मागून धडकणाऱ्या मोटारसायकली तुम्ही मोजून सांगायचात, ती पट्टी त्यांच्यासाठी.

मजुरी विचारली तर तुम्ही पाच किलो घरची तूरडाळ मागितलीत. काकू म्हणाल्या, छान शिजते. पुढच्या वर्षीची बाजूला काढून ठेवतो.

गुण्या मात्र परत द्यायचा राहिला असं मी जे सांगतो, ते खोटं आहे. काम झालं तेव्हाच तो पिशवीत घातला होता, मग काढून ठेवला. तो इथे असला की तुम्ही आणायच्या निमित्ताने येता. ट्रॉलीच्या डाव्या चाकाच्या हबमधून थोडं ग्रीस गळतंय. रविवारी या, चहा मांडतो.

आपला,
ट्रॉलीवाला