कपाटातला मास्क आणि पहिले मिनिट

संपादक महोदय,

जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर सहा तासांच्या आत थंड करण्यास सुरुवात करून ते ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यास मेंदूची हानी कमी होते, हे श्रीमंत देशांतील चाचण्यांनी दाखवले आहे. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बाळांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत या उपचाराने मृत्यू वा अपंगत्व घटले नाही. उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू अधिक आढळले. त्यामुळे बाळाला थंड करणारी यंत्रे सरसकट खरेदी करण्याची घाई नको, असे माझे मत आहे.

त्याऐवजी पहिल्या मिनिटाकडे लक्ष हवे. जन्मल्यावर बाळ रडले नाही, तर उबदार कापडाने पुसणे, पाठ चोळणे आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने (तोंडा-नाकावर मास्क लावून हाताने दाबायच्या पिशवीने) हवा देणे, एवढ्यावर बहुतेक बाळे सावरतात. मी परिचारिका असताना एका रात्री बॅग हाताशी होती, पण नवजाताचा मास्क कुलूपबंद कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरांकडे होती. पाठ चोळताच बाळ रडले, हे आमचे नशीब!

केंद्राचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून हेच कौशल्य शिकवतो; परंतु सरावाविना हात विसरतो. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बॅग-मास्क तपासल्याची नोंद आणि ठरावीक काळाने बाहुलीवर उजळणी सक्तीची करावी, ही आरोग्य विभागास विनंती.

– एक निवृत्त परिचारिका