बाप्तिस्म्याआधी घरी सांग

सातारा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती व्हायचं ठरवलंस, पण घरी अजून बोलला नाहीस. चर्चच्या पाळकांकडून तारीख घेण्याआधी गावी ये आणि नानांना समोर बसून सांग, फोनवर नको. पारावरून बातमी कळली तर त्यांना तुझा विश्वास दिसणार नाही, लपवाछपवीच दिसेल.

बायबलात लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. मूळ ग्रीक शब्द खडे मांडून मोजण्याचा आहे. तसे खडे मांड. धर्म बदलल्यानं वारसाहक्क जात नाही. १८५० च्या कायद्यानंच ते संरक्षण आणलं. मात्र स्वकष्टाची मिळकत नाना मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ बघ: धर्मांतरानंतर झालेली मुलं, वारसा उघडताना हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीला मुकतात. वहिनींना या कारणावर घटस्फोट मागता येतो. पण त्या राहायला राजी असतील, तर तू त्यांना सोडायचं नाहीस, असं प्रेषित पौल १ करिंथ ७ मध्ये स्पष्ट सांगतो. आणि घाई करू नकोस. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. (हेच टिळक १९१७ मध्ये आपल्या साताऱ्यात आले.)

‘तलवार चालवायला आलो आहे’ हे मत्तय १० मधलं वचन वादात वापरू नकोस. ती तलवार शिष्याच्या हातातली नव्हे, त्याच्यावर येणारी आहे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या वेळी, शिष्यानं खरी तलवार उपसली, तेव्हा येशूनं ती म्यानात घालायला लावली.

घर फुटतं ते बहुधा पालीच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा श्राद्धाच्या दिवशी. ऐन तळी भरताना ‘मी नाही’ म्हटलंस तर सगळ्या भावकीसमोर नानांचा अपमान होतो. आठ दिवस आधी सांग: पूजा आणि नैवेद्य माझ्याकडून होणार नाही, गाडी, पाणी, पाहुण्यांच्या पंगती माझ्याकडे. अग्नी कोण देणार हेही धाकट्याशी आताच बोलून ठेव, नाहीतर तो वाद स्मशानात होईल.

घरी पाठवतोस ते पैसे एका महिन्यालाही चुकवू नकोस. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना न देणाऱ्यांना येशूनं मार्क ७ मध्ये चांगलंच झापलंय. चर्चची दानपेटी नंतर.

पुण्याहून निघालास की कळव. साताऱ्यात तुझ्या गाडीत चढतो, घरापर्यंत सोबत येतो. बोलायचं तूच. मी पडवीत बसेन.

तुझाच