ग्दान्स्कची ‘जुनी’ घरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या भगिनी शहरांच्या सदरात पोलंडच्या ग्दान्स्कवरचा लेख वाचला. ब्रेमेन आणि ग्दान्स्क यांची १९७६ मध्ये जोडी जमली आणि त्याच ब्रेमेनशी आपल्या पुण्याचंही जुनं नातं आहे, म्हणजे ग्दान्स्क आपलं लांबचं सोयरंच. त्यामुळे लेख आवडीने वाचला, पण दोन गोष्टी खटकल्या.

रंगीत, निमुळत्या घरांच्या फोटोखाली ‘मध्ययुगापासून जशीच्या तशी’ अशी ओळ आहे. तसं नाही. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा शहरात शिरल्या. त्या लढाईत आणि नंतरच्या आगींत या जुन्या वस्तीचा बहुतेक भाग बेचिराख झाला. आज दिसतात त्यातल्या बहुतेक दर्शनी भिंती युद्धानंतर उभारलेल्या आहेत आणि मागे साधे फ्लॅट आहेत. नव्याने बांधताना निवडही झाली. १७९३ मध्ये शहर प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. त्यानंतरच्या जर्मन खुणा शक्य तिथे गाळून त्याआधीच्या, पोलिश राजांच्या काळातल्या डच-फ्लेमिश वळणाला झुकतं माप दिलं गेलं. डान्झिग म्हणून ओळखलं जाणारं, बहुसंख्य जर्मन वस्तीचं हे शहर युद्धानंतर पोलिश झालं. तिथे येऊन राहिलेल्यांत पोलंडने गमावलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून उठून आलेलेही बरेच होते. आपलं घर सुटलेल्या माणसांनी दुसऱ्यांचं शहर पुन्हा बांधलं, हे मला तरी ‘जशीच्या तशी’पेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

नदीकाठच्या लाकडी क्रेनचं तेच. ती पंधराव्या शतकातली, पण १९४५ मध्ये तिचा लाकडी भाग जळाला आणि तो नंतर पुन्हा केला. ती चालायची कशी हे लेखात यायला हवं होतं. आत प्रचंड लाकडी चाकं आहेत. माणसं त्या चाकांत शिरून नुसती चालत राहायची, चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि जहाजावरचा माल वर उचलला जायचा.

दुसरी तक्रार गोदीबद्दल. तिला त्या लिखाणात एकच ओळ मिळाली, तीही संपाचे नेते लेख वावेन्सा (Lech Wałęsa) यांच्या नावाची! १४ ऑगस्ट १९८० रोजी लेनिन शिपयार्डमधला संप सुरू झाला तो आना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईंना कामावरून काढलं म्हणून. निवृत्तीला जेमतेम काही महिने उरले होते त्यांच्या. संपकऱ्यांच्या २१ मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर हाताने रंगवून गेटवर टांगल्या होत्या. त्यातली पहिलीच मागणी सरकारी पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटनेची. ३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली. त्या फळ्या आता युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत आहेत. गेटबाहेरचे ४२ मीटर उंचीचे तीन क्रूस डिसेंबर १९७० मध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांचं स्मारक. ते नुसत्या सजावटीसारखं ‘भव्य शिल्प’ म्हणून उरकणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात जिथे झाली त्या ग्दान्स्कच्या वेस्टरप्लाटवर मात्र लेखकाने नीट लिहिलं आहे, १ सप्टेंबर १९३९ ची पहाट अगदी डोळ्यांसमोर उभी राहते.

फोटोखालची ती ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी आणि जमल्यास गोदीवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे