टॅग मॅनेजर जोडण्याची घाई

महोदय,

डॉक्टरांची वेळ ठरवणे, विम्याचा दावा करणे, कर्जाचा अर्ज भरणे ही कामे आता वेब अ‍ॅपवर होतात आणि अशा अनेक अ‍ॅपमध्ये ‘गूगल टॅग मॅनेजर’, म्हणजे वापराची मोजणी करणारे छोटे कोड (‘टॅग’) बसवण्याचे व सांभाळण्याचे साधन, जोडलेला असतो. वापराची मोजणी करू नये, असे माझे म्हणणे नाही. लोक अर्ज नेमका कुठे अर्धवट सोडतात हे कळल्याशिवाय सेवा सुधारत नाही. परंतु ही जोडणी ज्या घाईने उरकली जाते, ती या क्षेत्रात काम करणारा म्हणून मला काळजीची वाटते.

रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलर या जावास्क्रिप्ट साधनांनी बांधलेल्या अ‍ॅपचे पान सहसा एकदाच लोड होते. पुढे राउटर (कोणते पान दाखवायचे हे ठरवणारा अ‍ॅपमधील भाग) केवळ कंपोनंट, म्हणजे पडद्यावरचे तुकडे, बदलतो. त्यामुळे टॅग मॅनेजरची तयार स्क्रिप्ट पानाच्या ‘हेड’ या सुरुवातीच्या भागात चिकटवून काम संपत नाही. पानबदलाची नोंद ‘जीए 4’ (गूगल अ‍ॅनालिटिक्स 4, ही गूगलची मोजणी सेवा) स्वतःहून घेत असताना तीच राउटरमधूनही पाठवली, तर एकच पानभेट दोनदा मोजली जाते. पानाचे शीर्षक बदलण्याआधी नोंद गेली, तर नव्या वेब पत्त्यावर (यूआरएल) जुन्या पानाचे नाव चढते.

चुकीची मोजणी पुढच्यासाठी सुधारता येते, बाहेर गेलेली माहिती मात्र परत घेता येत नाही. शोधाच्या चौकटीत लिहिलेले आजाराचे नाव किंवा मोबाइल क्रमांक पुष्कळदा पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढे उतरतो, आणि काळजी घेतली नाही तर तो पत्ता जसाच्या तसा अ‍ॅनालिटिक्सकडे जातो. प्रत्येक कंपोनंट आपल्या मर्जीने ‘डेटालेयर’मध्ये, म्हणजे टॅगना द्यायची माहिती जिथे ठेवली जाते तिथे, भर घालू लागला, की काय बाहेर जाते हे चमूतील कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कंपोनंटने फक्त घटना कळवावी. कोणते तपशील पाठवायचे हे एकाच मॉड्यूलने (कोडच्या स्वतंत्र भागाने), ठरलेल्या यादीनुसार ठरवावे आणि पत्त्यातील खासगी भाग तिथेच गाळावा. ‘कस्टम एचटीएमएल’ टॅगने तर कोणताही कोड थेट वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये चालवता येतो, आणि त्यासाठी अ‍ॅपच्या कोडला हातही लावावा लागत नाही. तेव्हा कंटेनर, म्हणजे अ‍ॅपसाठीचा टॅगचा संपूर्ण संच, प्रकाशित करण्याचा अधिकार मोजक्या हाती असावा आणि प्रत्येक बदल प्रोग्रामरने तपासावा.

राहिला संमतीचा प्रश्न. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असायला हवी, तसेच त्यासाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय हवा. तरीही ‘स्वीकारा’चे बटण दाबण्यापूर्वीच टॅग सुरू झालेले मी कामात पाहिले आहेत. संमती मिळेपर्यंत कंटेनर लोडच न करणे हा यावरचा सरळ उपाय आहे आणि तो अवघडही नाही.

महापालिका, सार्वजनिक रुग्णालये आणि सहकारी बँका अ‍ॅप बाहेरून करून घेतात, तेव्हा या अटी त्यांनी निविदेतच लिहाव्यात आणि अ‍ॅप ताब्यात घेण्यापूर्वी ब्राउझरमधून बाहेर जाणारी प्रत्येक नेटवर्क रिक्वेस्ट तपासून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वेब प्रोग्रामर, पुणे