चेन होइस्ट : वर्षातून एकदाच्या तपासणीवर विसंबू नका

महोदय,

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने जागा घेईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ नुसार उचलयंत्रे (साखळीने जड माल उचलणारा चेन होइस्टही त्यातच) व साखळ्यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा तपासणी बंधनकारक होती. अनेक छोट्या कारखान्यांत दाखला फाइलला लागला की विषय संपतो. साखळी मात्र रोज झिजते, तीही कड्या एकमेकींत बसतात तिथेच. ताणलेल्या साखळीत ही झीज दिसत नाही; ती सैल सोडून, पुसून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजावी. कडीची जाडी १० टक्के घटली की साखळी बदलायची, वेल्डिंग नाही. तेल सांध्यांत मुरायला हवे. वरून थापलेल्या ग्रीसला फक्त धूळ चिकटते.

त्याहून दुर्लक्षित धोका वीजजोडणीचा. थ्री-फेज पुरवठ्याच्या तीन वीजतारांपैकी (फेज) दोन उलट्या लागल्या, तर ‘वर’ दाबल्यावर हुक खाली येतो. मग कुणी हुशारी करून पेंडंटमधल्याच (हातात धरायच्या बटणपेटीतल्याच) वायरी अदलाबदल करतो. दिशा सुधारते, पण वरचा लिमिट स्विच (हुक टोकाला पोचला की मोटर थांबवणारा) आता भलतीच दिशा तोडतो आणि हुक थेट होइस्टच्या बॉडीवर आदळतो. फेज मुख्य पुरवठ्याच्या बाजूलाच, वीज बंद करून बदलावेत. लिमिट स्विच प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला रिकाम्या हुकाने, सावकाश तपासावा. रोज हुक थांबवायला तो वापरू नये.

– एक देखभाल अभियंता, पुणे