बोटीच्या तिकिटाआधी व्हिसाची तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्रिटनमध्ये मुलाकडे गेलात तर त्याच्याच गाडीतून, बोटीने युरोप फिरून या’ असा सल्ला सुट्टीच्या पुरवण्यांत हल्ली वारंवार वाचायला मिळतो. सल्ला वाईट नाही. चार-पाच माणसे असतील तर घरची गाडी बहुतेक वेळा स्वस्त पडते, सामान कोणी तोलून बघत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना विमानतळांवर चालावे लागत नाही. पण हे लेख इंग्लंडच्या डोव्हर बंदरातल्या पांढऱ्या कड्यांपाशी सुरू होतात आणि थेट पॅरिसला पोहोचतात. मधले सगळे गाळलेले असते, आणि सहल अडते ती तिथेच. समुद्र ओलांडणे हा यातला सर्वांत सोपा भाग. डोव्हर ते फ्रान्समधले कॅले दीड तास लागतो, तिथल्याच डंकर्कला दोन तास. अडचणी असतात त्या माणसांच्या आणि गाडीच्या कागदांत.

सुरुवात व्हिसापासून करावी. बोट बुक करून मग व्हिसाच्या मागे लागणारे उलट्या टोकाने निघालेले असतात. ब्रिटनचा व्हिसा, अगदी कायम वास्तव्याचा परवाना असला तरी, भारतीय पासपोर्टवर फ्रान्समध्ये उतरायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतोच. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला फार वेळ लागत नाही, अपॉइंटमेंट मिळायला लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तर फार. मोठ्यांची फी 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची 45, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात घोळ होतो. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिले पाऊल पडेल, त्या देशाकडे. म्हणजे कॅलेला उतरून तीन रात्री फ्रान्स आणि पाच रात्री स्वित्झर्लंड असा बेत असेल तर अर्ज स्विस वकिलातीकडे जायला हवा. व्हिसा हातात येईपर्यंत बोटीचे तिकीट बदलता येईल असेच घ्यावे, चार पौंड जास्त पडले तरी चालतील.

भारतातून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांची गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांचा शेंगेन अर्ज लंडनमध्ये सहसा घेत नाहीत. तो भारतातूनच करून यावा लागतो. इकडे आल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांना मग घरीच बसावे लागते आणि बाकीचे फिरून येतात.

डोव्हरला फ्रेंच पोलिसांची पासपोर्ट तपासणी इंग्लंडच्याच जमिनीवर, बोटीत चढण्याआधी होते. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आणली आहे. व्हिसाधारकांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, तरी चेहऱ्याची नोंद होते आणि गर्दीच्या दिवशी रांग त्यामुळे लांबते. बोटीच्या कंपनीने सांगितलेली वेळ ही चेक-इनची असते आणि पासपोर्टची खिडकी त्याच्याही आधी लागते. येताना ब्रिटिश तपासणी कॅलेला होते. ब्रिटनची रहिवासी कार्डे 2024 च्या अखेरीस संपली, आता सगळे ई-व्हिसावर आहे. पासपोर्ट नवा काढला आणि ऑनलाइन खात्यात जुनाच नंबर राहिला, तर परतीच्या रांगेत सगळ्यांना बाजूला थांबावे लागते. हे घरी दहा मिनिटांत होणारे काम आहे.

आता गाडीची कागदपत्रे. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा व्ही-5-सी हा कागद, मूळ प्रत सोबत हवी. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. गाडी लीजवर किंवा भाड्याची असेल तर त्याऐवजी व्हीई-103 हा दाखला कंपनीकडून आधी मागवून घ्यावा लागतो. विम्याचे ग्रीन कार्ड युरोपीय संघातल्या देशांसाठी 2 ऑगस्ट 2021 पासून लागत नाही, आणि एवढे वाचून लोक निर्धास्त होतात. पण ब्रिटिश पॉलिसी परदेशात आपोआप देते ते फक्त कायद्याने लागणारे किमान संरक्षण, म्हणजे समोरच्याचे नुकसान. तुमची गाडी ठोकली गेली किंवा चोरीला गेली तर पूर्ण विमा तिकडे लागू आहे का, किती दिवस आहे आणि पॉलिसीत नाव असलेल्या प्रत्येक चालकाला आहे का, हे तिन्ही प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारावेत. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये पहिले वर्ष गाडी चालवता येते, म्हणून तेच युरोपात चालेल असे गृहीत धरू नये. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातल्या आरटीओकडूनच काढून आणावा लागतो. ब्रिटनमध्ये तो भारतीय लायसन्सवर मिळत नाही.

गाडीवर ‘यूके’ अक्षरे हवीत. जुने ‘जीबी’चे स्टिकर 28 सप्टेंबर 2021 पासून चालत नाही. नंबरप्लेटवरच झेंड्यासह यूके असेल तर बहुतेक देशांत वेगळे स्टिकर लागत नाही, स्पेनमध्ये मात्र तरीही लागते. दीड पौंडाच्या वस्तूवरून वाद कशाला, चिकटवून टाकावे.

हेडलाइटचे काम लोक सर्वांत वाईट करतात. ब्रिटिश गाडीचा डिपर डावीकडे वर उचललेला असतो, कडेचे पादचारी दिसावेत म्हणून. उजव्या बाजूने चालवायला लागलात की हाच उचललेला झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. हॅलोजन दिवे असतील तर काचेवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. त्या अंदाजाने लावून उपयोग नसतो. पाकिटात गाडीच्या मॉडेलप्रमाणे आकृती असते, काच पुसून, कोरडी करून, दिवा थंड असताना त्याच जागी लावायच्या. घरीच संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून लावण्याआधी आणि नंतर झोत बघितला की पट्टी बरोबर बसली का ते लगेच कळते. बंदरातल्या दुकानात चौपट दाम देऊन, रांगेत उभ्या उभ्या लावलेल्या पट्ट्या बहुतेक तिरक्याच असतात. नव्या एलईडी गाड्यांत पट्टी लावू नये. तिथे स्क्रीनच्या मेनूत ‘उजवीकडची वाहतूक’ किंवा ‘प्रवास’ असा पर्याय असतो, आणि काही गाड्यांत काहीच करावे लागत नाही. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेले असते. डिकी भरली की मागचा भाग खाली बसतो आणि झोत आणखी वर जातो, म्हणून डॅशबोर्डवरचे 0 ते 3 आकड्यांचे चाक असेल तर ते फिरवून झोत खाली घ्यावा. टायरची हवाही भरलेल्या गाडीची ठेवावी. तो आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला असतो.

गाडी बंद पडली तर घालायचे चमकदार जाकीट डिकीत नको, सीटखाली हवे. फ्रान्समध्ये गाडीतून उतरण्याआधी ते अंगात असावे असा नियम आहे. चालकापुरते सक्तीचे असले तरी प्रत्येकाला एक घ्यावे. लाल त्रिकोण बहुतेक देशांत लागतो, ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटीही. फ्रान्ससाठी दारू तपासणीची नळी घ्या असे अजूनही सांगतात. तो नियम 2020 मध्येच गेला.

तिकीट काढताना गाडीची उंची खरी सांगावी, छतावरची पेटी किंवा सायकली धरून. ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त भरलात तर तुमची जागा दुसऱ्या डेकवर असते, आणि ती भरलेली असेल तर बोट सुटते, तुम्ही नाही. सुट्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नये. एलपीजी गाडी असेल तर बोटवाल्यांना आधी कळवावे. फोकस्टोनहून बोगद्यातून पस्तीस मिनिटांत नेणारी रेल्वे ती घेतच नाही. चालायला त्रास असणारी माणसे सोबत असतील तर बुकिंगमध्ये आणि चेक-इनला पुन्हा सांगावे, म्हणजे लिफ्टजवळ गाडी लावून देतात. नाहीतर अरुंद, उभा लोखंडी जिना चढावा लागतो.

बोटीत कर्मचारी हाताने दाखवतो तितके पुढे, अगदी वीतभर अंतरापर्यंत, गाडी घ्यावी. मग इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गिअर पहिला, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. आरसे मिटावेत. बोट हलते तेव्हा गाडीतला हालचाल ओळखणारा अलार्म चोर आला असे समजून ओरडत राहतो, आणि बॅटरी मरते ती अशीच. तो सेन्सर बंद करण्याचे बटण चालकाच्या दारात किंवा छतावरच्या दिव्याजवळ असते, नव्या गाड्यांत मेनूत. लॉक करण्याआधी दरवेळी दाबावे लागते. प्रवासात गाड्यांचा डेक कुलूपबंद असतो. औषधे, स्वेटर, पासपोर्ट, लहान बाळाचे सामान आधीच पिशवीत घ्यावे. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग किंवा क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढावा. उतरताना चारशे माणसे एकाच वेळी आपापला जिना शोधत असतात. तिकिटावरची वेळ त्या-त्या बंदराची असते. फ्रान्सचे घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे दीड तासाचा प्रवास जाताना अडीच तासांचा आणि येताना अर्ध्या तासाचा दिसतो.

कॅलेपेक्षा लांबच्या बोटींचाही विचार करावा. न्यूहेवन-दिएप चार तास, पोर्टस्मथ-कॉन सहा तास, हल-रॉटरडॅम रात्रभर. नॉर्मंडी किंवा नेदरलँड्स बघायचे असेल तर डोव्हरपर्यंतचे ड्रायव्हिंग आणि एका हॉटेलचे पैसे वाचतात. स्पेनच्या सांतांदेरला जाणारी बोट महाग असते, पण अख्खा फ्रान्स आडवा कापण्यापेक्षा वयस्कर मंडळींना ती बरी.

उजव्या बाजूने चालवण्याची भीती बंदरातून निघताना असते, तेव्हा चूक होत नाही. चूक होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पेट्रोल पंपातून किंवा हॉटेलच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर येताना, कारण समोर अनुकरणाला दुसरी गाडी नसते. चालक कडेच्या बाजूला बसलेला असल्याने ट्रकच्या मागून पुढचे दिसत नाही. ओव्हरटेक करायचा असेल तर ट्रकला चिकटू नये, बरेच मागे राहूनच रस्ता बघावा. फ्रान्समध्ये खांबावर किंवा चौकात काही लिहिलेले नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला रस्ता द्यायचा, अगदी गल्लीतून आला तरी. वेगमर्यादा मोटरवेवर 130 किलोमीटर, पाऊस असेल तर 110; दुपदरी ग्रामीण रस्त्यावर बहुतेक ठिकाणी 80. स्पीडोमीटर मैलांचा असेल तर 130 म्हणजे 81, 110 म्हणजे 68, 80 म्हणजे 50 आणि 50 म्हणजे 31, हे कागदावर लिहून समोर चिकटवावे. मर्यादेपेक्षा 40 किलोमीटर जास्त असाल तर लायसन्स जागेवरच काढून घेतात. रडार डिटेक्टर बेकायदा आहे आणि नेव्हिगेशनमधली कॅमेऱ्याची सूचनाही बंद ठेवावी लागते.

फ्रेंच टोलनाका ब्रिटिश गाडीच्या क्लीनर साइडला येतो. शेजारी माणूस असेल तर ठीक, एकट्याने जायचे तर टॅग आधी मागवावा. पॅरिस-नॉर्मंडी ए-13 वर तर आता नाकाच नाही. वरच्या कॅमेऱ्यांनी नंबर टिपला की 72 तासांत ऑनलाइन पैसे भरायचे. नाका दिसला नाही म्हणून टोलच नव्हता असे समजणाऱ्यांना दंड होतो. स्विस मोटरवेसाठी 40 फ्रँकचा वर्षाचा पास, तो ऑनलाइनही मिळतो. प्रदूषणाच्या नियमांमुळे बेल्जियमच्या अँटवर्प, ब्रुसेल्स, गेंट या शहरांत परदेशी गाडीची आधी ऑनलाइन नोंदणी लागते, जर्मन शहरांत हिरवे स्टिकर. हे सरकारी साइटवरूनच घ्यावे, मधले दलाल तिप्पट लावतात.

फ्रेंच मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला बोलावता येत नाही. नारिंगी एसओएस फोनवरून ठरलेलीच टोइंग गाडी येते. तिची पावती जपून ठेवावी, पैसे नंतर आपल्या कंपनीकडून मिळतात. तोवर सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, गाडीत बसू नये.

पंपावर डिझेलला ‘गाझोल’ लिहितात. नोझलवर पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोनी खूण असते, ती बघूनच भरावे. कार्डाच्या पंपावर शंभरहून जास्त युरो तात्पुरते अडकवून ठेवतात, म्हणून खात्यात शिल्लक लागते.

आणि खाण्याचे. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, चक्का, दही सगळे त्यात आले. कढीपत्ता आणि ताजी भाजीही नाही. बाळाची बंद पाकिटातली दूध पावडर चालते, दोन किलोपर्यंत. परतीलाही तेच: लाळ-खुरकूत रोगामुळे 12 एप्रिल 2025 पासून युरोपातून ब्रिटनमध्ये मांस, दूध आणि चीज आणायला बंदी घातली आहे, ड्यूटी-फ्रीचे चीजसुद्धा. निघण्याआधी बंदी चालू आहे का ते सरकारी साइटवर बघावे. घरी पोहोचल्यावर हेडलाइटच्या पट्ट्या काढायच्या. त्या राहिल्या तर ब्रिटनच्या रस्त्यावर झोत चुकतो. डोव्हरहून येता-जाता लंडनजवळचा डार्टफर्डचा पूल किंवा बोगदा लागला तर त्याचे साडेतीन पौंड दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत भरावेत. तिथेही नाका नाही, आणि युरोपचे सगळे टोल नीट भरून आलेले लोक नेमका हाच विसरतात.

आपल्या पुढच्या प्रवास पुरवणीत एक पान या कागदपत्रांना द्यावे, ही विनंती.

आपला वाचक,
केंट, इंग्लंड